बकलाव्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

(ईद मिलनाच्या कार्यक्रमात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सॉफ्टवेअर इंजिनिअरला बोलावलं की तो कृत्रिम बुद्धिमत्तेवर नाहीतर नोकऱ्यांवर बोलणार, अशी अपेक्षा असते. मी आज एका मिठाईवर बोलणार आहे. बकलाव्यावर. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो खाल्ला असेल. कुणाचे चाचा दुबईहून येतात, कुणाचे मामू कुवेतहून येतात. बॅगेतून खजूर निघतात, अत्तर निघतं आणि एक चपटा डबा निघतो. उघडला की आत शंकरपाळ्यासारखे कापलेले तुकडे आणि वर पिस्त्याचा हिरवा चुरा. कोकणातल्या कितीतरी घरांत बकलावा असाच पोचला, आखातात राबणाऱ्या माणसांच्या सामानातून. आता तर मुंबई-पुण्यातल्या मिठाईच्या दुकानांतही तो दिसतो.

ही मिठाई मूळची कुणाची? तुर्क म्हणतात आमची. ग्रीक म्हणतात आमची. अरब, अर्मेनियन, अझरबैजानी, इराणी, प्रत्येकाकडे आपापला दावा आणि आपापला पुरावा आहे. यावरून निदर्शनंसुद्धा झाली आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो.

मला या भांडणात रस वाटतो, कारण हाच प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. आपलं नाव ऐकल्यावर कुणीतरी विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" आपण म्हणतो, सातारचे. त्याचं समाधान होत नाही. "नाही, म्हणजे अगदी मूळचे?" हे झालं बाहेरचं. आणि घरातही कुणीतरी असतंच, जे सांगतं की आजीची अमुक रीत 'आपली' नाही, ती इथल्या लोकांची आहे, ती सोडा. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते : एकच एक, शुद्ध, भेसळ नसलेलं मूळ. असं मूळ खणायला गेलं की हाताला काय लागतं, ते बकलाव्याच्या निमित्ताने पाहू.

पदर सुटतात कसे

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडच्या ज्या घरांत चिरोटे होतात, त्यांना बकलावा समजावून सांगावा लागत नाही. चिरोट्यासाठी आपण मैद्याच्या पातळ पोळ्या लाटतो. त्यांना तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो, एकावर एक रचून गुंडाळी करतो, कापतो, पुन्हा हलकेच लाटून तळतो. साट्यामुळे पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि तळताना पदर सुटतात. बकलाव्यामागचं तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की तिथे प्रत्येक पदर सुटा लाटतात आणि तबकात एकेक करून अंथरतात. मधल्या थराला पिस्ते किंवा अक्रोड भरतात, वर पुन्हा पदर. भाजायच्या आधीच सुरीने तुकडे पाडून घेतात, कारण भाजल्यावर कापायला गेलं तर सगळा भुगा होईल. मग वितळलेलं तूप, मग भट्टी आणि शेवटी पाक.

या पाकाला तुर्की भाषेत काय म्हणतात माहीत आहे? शेर्बेत. म्हणजे आपलं सरबत. आणि तो करणाऱ्या कारागिराला म्हणतात उस्ता, म्हणजे आपला उस्ताद.

या कामात सगळ्यात अवघड आहे ते लाटणं. तुर्कस्तानच्या आग्नेयेला गाझियांतेप नावाचं शहर आहे, तिथले कारागीर यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचं लाटणं आपल्यापेक्षा लांब आणि बारीक, काठीसारखं असतं. त्याला ओक्लावा म्हणतात. गोळ्यांवर स्टार्चची पूड भुरभुरवून अनेक पाऱ्या एकावर एक ठेवून एकदमच लाटतात. पारी इतकी पातळ झाली पाहिजे की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं दिसावीत. अशा चाळीसेक पाऱ्या एका तबकात बसतात आणि तरीही तयार तुकड्याची उंची दोन बोटांच्या वर जात नाही. हात तयार व्हायला वर्षं लागतात. पोरगा दुकानात शिकाऊ म्हणून येतो, आधी झाडतो, तबकं घासतो, मग पिस्ते निवडतो आणि लाटणं त्याच्या हाती फार उशिरा येतं.

पिस्त्याचीही गंमत आहे. गाझियांतेपच्या बकलाव्यात पूर्ण पिकलेला पिस्ता घालत नाहीत. तो थोडा आधी, कोवळा असताना उतरवतात. दाणा लहान भरतो, वजनात शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून तो महाग पडतो. पण तो गर्द हिरवा रंग आणि तो वास याच पिस्त्याला असतो. तूप शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचं. पिस्त्याच्या जोडीला दूध आणि रव्याची दाट साय घालतात, त्यामुळे तुकडा आतून ओलसर राहतो.

आणि पारख कशी करायची? कानाने. काटा वरून टोचला की वाळक्या पानावर पाय पडल्यासारखा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर पदर ओले राहिले किंवा पाक चुकला. घरी करणाऱ्या बायका एक नियम सांगतात : पाक आणि तबक यांतलं एक गरम हवं, एक थंड. दोन्ही गरम झाले की लगदा होतो. जुन्या इस्तंबूलच्या श्रीमंत घरांबद्दल एक कथाही सांगतात. म्हणे, यजमान तबकावर उंचावरून सोन्याचं नाणं टाकायचा. नाणं सगळे पदर फोडून खाली तबकाच्या तळाला खणकन वाजलं, तर ते नाणं आचाऱ्याचं.

एका मुळाचा शोध

आता मुळाकडे वळू. जितकं मागे जावं तितके रस्ते फुटत जातात.

एक रस्ता मध्य आशियात जातो. अकराव्या शतकात महमूद काश्गरी या विद्वानाने तुर्की बोलींचा एक मोठा कोश अरबी भाषेत लिहिला, बगदादमध्ये बसून. त्यात घडीच्या पातळ रोटीसाठी एक शब्द नोंदवला आहे, आणि आजचा तुर्की 'युफ्का' हा शब्द त्याच घराण्यातला. युफ्का म्हणजे पातळ लाटलेली पारी. भटक्या टोळ्यांकडे भट्टी नसते, तवा असतो. जाड पाव भाजता येत नाही, पण पातळ रोट्या भाजून एकावर एक रचता येतात. रोट्यांचे थर लावण्याची कल्पना त्या जगण्यातून आली असावी, असं अन्नाचे काही इतिहासकार मांडतात. अझरबैजानमध्ये आजही जाड पदरांचा बकलावा होतो, तो या जुन्या रूपाच्या जवळचा मानला जातो.

दुसरा रस्ता बगदादच्या अब्बासी दरबारात जातो. दहाव्या आणि तेराव्या शतकातल्या अरबी पाककृतींच्या ग्रंथांत 'लौझीनज' नावाची मिठाई आहे. कुटलेले बदाम आणि साखर अगदी पातळ पारीत गुंडाळायचे, गुलाबपाण्याचा वास द्यायचा आणि पाकात भिजवायचे. लौझ म्हणजे अरबीत बदाम, आणि शब्दाची घडण इराणी वळणाची. मराठवाड्यातल्या मित्रांनी हैदराबादची 'बादाम की लौज' खाल्ली असेल. ते नाव याच लौझचं.

तिसरा रस्ता रोमपर्यंत जातो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या रोमन माणसाने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात पिठाच्या थरांमध्ये चीज आणि मध घालून केलेल्या पदार्थाची कृती आहे. ग्रीक लोक आपल्या दाव्यासाठी तिकडे बोट दाखवतात.

म्हणजे पातळ पारी एकीकडून आली, सुकामेवा आणि पाक दुसरीकडून, भट्टीत भाजायची रीत शहरांतून. हे सगळं एका ठिकाणी कुठे जुळलं? बहुतेक अभ्यासकांचं बोट इस्तंबूलकडे जातं, उस्मानी सुलतानांच्या तोपकापी राजवाड्याच्या मुदपाकखान्याकडे. तिथल्या हिशेबाच्या वह्यांत १४७३ साली बकलावा केल्याची नोंद आहे. त्या सुमारास कायगुसुझ अब्दाल नावाच्या सूफी कवीच्या रचनांतही बकलाव्याचा उल्लेख येतो. गंमत बघा, एक उल्लेख सुलतानाच्या वहीत आणि दुसरा फकिराच्या कवितेत.

त्या मुदपाकखान्यात कोण राबत होतं? अनातोलियातले, बाल्कनमधले, साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले लोक. सूप वेगळ्या हाताचं, हलवा वेगळ्या हाताचा. अशा जागी जन्मलेल्या पदार्थाला एकच आई कशी सापडणार?

तबक आणि तलवार

मिठाईचा इतिहास नेहमीच गोड असतो असं नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इस्तंबूलमध्ये एक प्रथा रुळली, बकलाव्याची मिरवणूक. रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतान राजवाड्यात जपून ठेवलेल्या पैगंबरांच्या पवित्र वस्त्राचं दर्शन घ्यायचा. त्यानंतर जॅनिसरी नावाच्या खड्या फौजेला बकलावा वाटला जायचा, दर दहा शिपायांमागे एक तबक. पहिलं तबक सुलतानाच्या नावाचं, कारण कागदोपत्री तोही त्या फौजेचा पहिला शिपाई. मग दोघांमागे एक अशी तबकं खांद्यावर घेऊन शिपाई वाजतगाजत बराकीकडे निघायचे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी व्हायची.

यात भक्ती होती, थाट होता आणि सरळ सरळ राजकारणही होतं. या फौजेच्या एका अधिकाऱ्याचं पदनाम होतं 'चोर्बाजी', म्हणजे सूपवाला. शिपायांना बंड करायचं असलं की ते जेवणाची मोठी कढई उलटी करायचे. सुलतानाचं अन्न नाकारलं म्हणजे सुलतानालाच नाकारलं. या लोकांनी सुलतान गादीवरून खाली खेचलेले आहेत. तेव्हा वर्षातून एकदा मिळणारा बकलावा हे बक्षीसही होतं आणि 'खाल्ल्या मिठाला जागा' असा निरोपही. शेवटी १८२६ मध्ये दुसऱ्या महमूद सुलतानाने ही फौज तोफा लावून संपवली. मिरवणूक तिथेच थांबली.

आणखी एक गोष्ट. ही फौज उभी राहिली तीच मुळात बाल्कनमधल्या ख्रिस्ती कुटुंबांतून सक्तीने आणलेल्या मुलांना घेऊन. आज आपण टीव्हीवर तुर्की मालिका बघतो, घोडे, तलवारी, शामियाने बघतो आणि अभिमानाने छाती फुगवतो. मालिका जरूर बघा. पण त्या वैभवाच्या तबकाखाली कुणाचे खांदे होते, हेही विचारत चला. आपल्या इतिहासाबद्दल जे प्रश्न आपण इतरांना विचारतो, ते आपल्याला आवडणाऱ्या इतिहासालाही विचारावे लागतात.

हजच्या वाटेवर शिकलेली कला

मिरवणूक संपली तरी बकलावा संपला नाही. तो राजवाड्यातून बाजारात उतरला होता. गाझियांतेपमध्ये बकलाव्याचं गुल्लू नावाचं एक मोठं घराणं आहे. ते स्वतःच आपली कहाणी अशी सांगतात : त्यांचा एक पूर्वज १८७१ च्या सुमारास हजला निघाला होता. वाटेत दमास्कस आणि हलब, म्हणजे अलेप्पो, या शहरांत त्याने ही मिठाई पाहिली, कारागिरांकडून शिकून घेतली आणि गावी परतल्यावर दुकान घातलं. त्याच घराण्यातल्या एकाने १९४९ मध्ये इस्तंबूलच्या काराकोय भागात दुकान काढलं आणि अंतेपची चव त्या जुन्या राजधानीत पोचली.

म्हणजे तुर्कस्तानचा जगप्रसिद्ध बकलावा, खुद्द त्या घराण्याच्या सांगण्यानुसार, अरब शहरांत शिकलेला आहे. त्या काळात अंतेप हे हलब प्रांतातच होतं, मध्ये सीमा नव्हती, व्हिसा नव्हता. सीमा नंतर आली.

सीमेबरोबर आणखीही काही आलं. या शहरात अर्मेनियन ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती. तेही व्यापारी, कारागीर, शेजारी होते, त्यांच्याही घरात हीच मिठाई व्हायची. १९१५ मध्ये त्यांना हाकलून दिलं गेलं. जे वाचले ते हलबला, बैरुतला गेले. १९२३ मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एका दिशेला, चारेक लाख मुसलमान दुसऱ्या दिशेला. फाळणी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. घर मागे राहिलं, अंगण मागे राहिलं. पण हाताला लागलेली लाटण्याची सवय कुठल्या नाक्यावर काढून घेता येते? ती सोबत गेली.

एकाच कोडच्या किती आवृत्त्या

माझ्या व्यवसायात एक पद्धत आहे. एखाद्याने लिहिलेला कोड खुला असेल तर दुसरा माणूस त्याची प्रत घेतो आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलत पुढे नेतो. याला आम्ही फोर्क म्हणतो. फोर्क केला म्हणजे चोरी झाली असं कुणी म्हणत नाही. फक्त आधीच्यांची नावं पुसू नयेत, एवढी सभ्यता पाळायची असते. बकलाव्याचं नेमकं हेच झालं.

बोस्नियात तो अक्रोडांचा होतो आणि बकलाव्याशिवाय तिथली ईद होत नाही. ग्रीसमध्ये अक्रोड, मध, दालचिनी आणि लवंग. काही ग्रीक घरांत तेहेतीस पदर लावतात, येशूच्या आयुष्याची जितकी वर्षं तितके. अर्मेनियन घरांत तो ईस्टरला होतो. भूमध्य समुद्राकाठचे सेफार्दी ज्यू आपल्या नववर्षाला करतात, येणारं वर्ष गोड जावं म्हणून. अझरबैजानमध्ये नवरोजला, प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एक अख्खा दाणा खोचून. इराणच्या यझ्द शहरात बदामाचा, वेलची आणि गुलाबपाण्याचा, लहान लहान तुकड्यांचा. लेबनॉन आणि सीरियात पाकाला गुलाबाचा किंवा नारिंगीच्या फुलांचा वास.

ईद, ईस्टर, ज्यूंचं नववर्ष, नवरोज. चार सण आणि तबक एकच. दालचिनी, वेलची, गुलाबपाणी, मध ही त्या त्या मातीची सही. यातली कुठली आवृत्ती खरी? माझ्या मते, आज ज्या घरात लाटणं चालू आहे ती प्रत्येक.

भांडण आणि त्यातून निघालेला मार्ग

आता त्या निदर्शनांबद्दल. २००६ साली ऑस्ट्रियाकडे युरोपीय संघाचं अध्यक्षपद होतं. युरोप दिनासाठी प्रत्येक सदस्य देशाची एक मिठाई मांडायची असं ठरलं आणि सायप्रसच्या नावापुढे बकलावा आला. इस्तंबूलमध्ये बकलावा करणारे रस्त्यावर उतरले, बकलावा तुर्कांचा आहे असे फलक लागले. सायप्रस बेटाचं १९७४ पासून झालेलं विभाजन माहीत असेल तर कळतं की भांडण फक्त मिठाईचं नव्हतं. जुन्या जखमेवर कुणीतरी तबक ठेवलं होतं.

पुढे २०१३ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने 'अंतेप बकलावा' या नावाला भौगोलिक मानांकन दिलं. तुर्कस्तानला मिळालेलं हे असं पहिलं युरोपीय मानांकन. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, युनेस्कोने गाझियांतेपला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. वर्तमानपत्रांतून बातमी अशी आली की तुर्कांनी बकलावा जिंकला. पण मानांकनाचा अर्थ नीट बघा. 'बकलावा' हा शब्द कुणाच्याही मालकीचा झाला नाही. ग्रीक माणूस त्याच्या मिठाईला बकलावा म्हणू शकतो, लेबनॉनचा माणूसही. मानांकन सांगतं ते एवढंच की 'अंतेप बकलावा' या नावाने विकायचा असेल तर पिस्ता असा हवा, तूप असं हवं, पारी इतकी पातळ हवी. बकलाव्याचा मालक कोण हे न ठरवता अंतेपच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या पद्धतीला त्याने संरक्षण दिलं.

कोकणातल्यांना हे लगेच कळेल. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. 'हापूस' हे नाव मात्र पोर्तुगीज अफान्सोवरून आलं. म्हणून हापूस पोर्तुगालचा झाला का? कलम बांधणारे हात, राखण करणारे, पेट्या भरणारे सगळे कोकणातले. हापूस कोकणाचा आहे, कारण कोकणाने तो वाढवला.

माझा मुद्दा इथे येतो. वारसा हा सातबाऱ्यासारखा नसतो. सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन पडीक ठेवली तरी ती तुमचीच राहते. वारसा पडीक ठेवला की जातो. तो ज्याच्या हातात चालू आहे त्याचा असतो, आणि एका वेळी अनेकांच्या हातात चालू असू शकतो.

जगभर पसरला तो कुणामुळे

बकलावा आज जगात सगळीकडे मिळतो याचं श्रेय बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांकडे, पर्यटनाकडे जातं. त्यांचा वाटा आहेच. गोठवलेल्या तयार पाऱ्यांची पाकिटं सुपरमार्केटात आली आणि लाटता न येणाऱ्यांनाही बकलावा जमू लागला. पण त्याच्या आधी तो नेला स्थलांतरितांनी. लेबनॉन-सीरियातून गेलेल्यांनी अमेरिकेत डिअरबॉर्नला, ब्राझीलमध्ये साओ पाउलोला. १९६१ च्या करारानंतर जर्मनीत कारखान्यांत कामाला गेलेल्या तुर्की मजुरांनी बर्लिनला. १९९२ ते ९५ च्या युद्धात उद्ध्वस्त होऊन अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात पोचलेल्या बोस्नियन मुसलमानांनी तिथे. आणि २०११ नंतर सीरियाच्या निर्वासितांनी. हलब आणि दमास्कसचे कितीतरी हलवाई सगळं गमावून अम्मान, कैरो, इस्तंबूल, बर्लिनला गेले आणि तिथे त्यांनी पुन्हा भट्टी पेटवली. लाखो सीरियन गाझियांतेपमध्येच आले. दीडशे वर्षांपूर्वी त्या शहराचा एक हाजी ज्या शहरांत कला शिकला, तिथले लोक आता निर्वासित होऊन त्याच्या शहरात आले. यजमान आणि पाहुणा यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपले आखाती चाचा-मामूही या साखळीतलेच. तो चपटा डबा उघडताना तो किती ओव्हरटाइमचा आहे, हे आपण विचारत नाही.

लोकप्रियतेची किंमतही असते. पिस्ता महाग झाला की काही दुकानदार वाटाण्याची हिरवी भुकटी मिसळतात, तुर्कस्तानात असे प्रकार उघड झालेले आहेत. लोण्याऐवजी वनस्पती तेल, मधाऐवजी ग्लुकोज. आणि एक कडू आठवण खुद्द गाझियांतेपची. १९९० च्या दशकाच्या अखेरीला तिथे काही मुलांना बकलावा चोरला म्हणून कित्येक वर्षं तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली गेली. देशभर गदारोळ झाला. आजही तिथे कुणी बडा माणूस भ्रष्टाचार करून सुटला की लोक त्या 'बकलावा चोरणाऱ्या मुलांची' आठवण काढतात. ज्या वारशाचा शहराला अभिमान, त्याचा एक तुकडा गरिबाच्या पोराला मिळत नसेल तर तो अभिमान अपुरा आहे. आपल्याकडच्या सगळ्या अभिमानांनाही हीच कसोटी लावा.

मग आपण काय करायचं

मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली. "तुमचं मूळ कुठलं?" या प्रश्नाला घाबरू नका आणि त्याच्या उत्तरासाठी खोटं मूळही शोधू नका. कुणी आपली वंशावळ अरबस्तानला नेऊन जोडतो, कुणी तुर्कस्तानला. गरज नाही. आपण बोलतो त्या मराठीकडेच बघा. हलवा, जिलबी, सरबत, तबक हे शब्द अरबीतून आले. बर्फी, शिरा हे फारसीतून. दिवाळीच्या फराळाच्या ताटात आणि देवळाच्या प्रसादात ते सुखाने बसलेत. त्यांना परत जा म्हणणारं कुणी नाही, कारण शेकडो वर्षं मराठी तोंडांनी ते घडवले, वापरले. आपणही तसेच आहोत. इथे नांगर धरला, माग चालवला, जाळी टाकली, शाळा शिकवली, कोड लिहिला. यापेक्षा मोठा पुरावा कुठला आणायचा?

दुसरी. बाहेरचं आवडलं म्हणून घरचं टाकू नका. ईदच्या दिवशी बकलाव्याचा डबा टेबलावर जरूर ठेवा. पण त्यापायी शिरखुर्म्याची वाटी मागे सरकू देऊ नका, कोकणातलं सांदण विसरू नका. महागडा, परदेशी, सोनेरी कागदातला पदार्थ म्हणजे जास्त इस्लामी, असा एक गैरसमज हल्ली पसरतोय. गाझियांतेपच्या माणसाने दमास्कसची कला घेतली, पण तिच्यात आपल्या रानातला पिस्ता आणि आपल्या मेंढीचं तूप घातलं, म्हणून ती त्याची झाली. दमास्कसची नुसती नक्कल केली असती तर आज अंतेपचं नाव कुणाला माहीत झालं असतं?

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. या सगळ्या इतिहासात दुकानांच्या पाट्यांवर नावं पुरुषांची आहेत. पण अनातोलियात, बोस्नियात, ग्रीसमध्ये घराघरांतून सणाच्या आदल्या दिवशी पाऱ्या लाटत बसल्या त्या बायका. त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत. तोपकापीच्या हिशेबात आचाऱ्यांच्या रोजाची नोंद असते, आजीच्या रोजाची नसते, कारण तो तिला कधी मिळालाच नाही.

तर माझी एक विनंती आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाकडे मोबाइल आहे. या आठवड्यात आपल्या आजीकडे, नानीकडे, खालाकडे जा. तिच्या हातचा एक पदार्थ निवडा. ती करत असताना रेकॉर्ड करा. तिला विचारा, हे तू कुणाकडून शिकलीस? तिने कुणाकडून? शेजारच्या काकूंकडून शिकली असेल तर तेही लिहा, काकूंच्या नावासकट. माप 'अंदाजाने' असेल तर तिच्या मुठीचं वजन करा. वर तिचं पूर्ण नाव लिहा, गाव लिहा, तारीख लिहा. आणि मग मुलग्यांनो, मोबाइल खाली ठेवा, हात धुवा आणि तिच्या शेजारी बसून लाटायला घ्या. नुसतं रेकॉर्डिंग म्हणजे बॅकअप झाला. सिस्टिम चालू ठेवायची तर कुणालातरी पीठ मळावं लागेल.

पहिली पारी फाटेल. फाटू द्या. बकलाव्याच्या तबकात फाटलेल्या पाऱ्या फेकत नाहीत, त्या मधल्या थरांत घालतात आणि वरच्या अखंड पारीला त्यांचाच आधार असतो.